दारकुलुपे, मोटारगाडीची विद्युत्

मोटारगाडीची सर्व दारे एका किल्लीने किंवा दूरनियंत्रकाच्या (रिमोटच्या) एका कळीने एकाच वेळी बंद वा उघडी करणारी यंत्रणा. व्यवहारात तिला ‘सेंट्रल लॉक’ म्हणतात. कुर्ला (मुंबई) येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० या गाड्यांच्या मूळ रचनेत ही सोय नव्हती; प्रत्येक दार हाताने स्वतंत्रपणे बंद करावे लागे. अशा गाड्यांसाठी संच नंतर बसविण्याचा व्यवसाय वाढला व कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावरील दुकाने त्यासाठी प्रसिद्ध झाली. भिवंडी तालुक्यातील दापोडे, माणकोली या गुदामांच्या पट्ट्यात वारंवार थांबणाऱ्या बंद मालवाहू गाड्यांनाही हा संच उपयोगी पडतो. तेथे मागील दाराची जोडणी मात्र स्वतंत्र ठेवणे बरे, कारण चालक उतरताना मालाचे दारही उघडणे इष्ट नसते.

रचना : प्रत्येक दारात कुलपाच्या दांडीला जोडलेला एक प्रेरक (ॲक्चुएटर) असतो. त्यात १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारे लहान चलित्र (मोटर) असून ते दंतचक्रांद्वारे एक पट्टी सुमारे दोन सेंमी. पुढेमागे सरकविते. चलित्राच्या दोन तारांची ध्रुवता उलट केली की पट्टी उलट दिशेने जाते. प्रवासी-दारांच्या प्रेरकांना या दोनच तारा असतात. चालकाच्या दारातील प्रेरकाला सामान्यतः पाच तारा असतात. जादा तीन तारा आतील स्विचाच्या असून किल्ली फिरविल्याची वार्ता त्या नियंत्रक पेटीला देतात. तारांचे रंग उत्पादकागणिक बदलू शकतात, म्हणून जोडणीपूर्वी मापकाने खात्री करावी.

नियंत्रक पेटीत दोन अभिचालित्रे (रिले) असतात. विश्रांतीच्या स्थितीत चलित्राच्या दोन्ही तारा गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे ऋण अग्राला, जोडलेल्या राहतात. एक अभिचालित्र कार्यान्वित झाले की एक तार घटमालेच्या (बॅटरीच्या) धन अग्राला जोडली जाते व कुलूप लागते. दुसऱ्याने ते उघडते. प्रवाह अर्ध्या ते एका सेकंदापुरताच दिला जातो. तो चालूच राहिल्यास अडलेले चलित्र तापून जळते. चारही चलित्रे मिळून क्षणभर बराच मोठा प्रवाह घेतात. त्यामुळे धन तारेत, घटमालेजवळच, योग्य क्षमतेची वितळतार (फ्यूज) घालणे अनिवार्य आहे.

चोरसूचकाशी जोडणी : चोरसूचकाच्या (अलार्मच्या) कुलूप-तारा बहुधा केवळ ऋण स्पंद देतात व त्यांतून अल्प प्रवाहच वाहू शकतो. त्या थेट चलित्राला जोडल्यास चोरसूचकाचे मंडल निकामी होते. त्या नियंत्रक पेटीच्या संकेत-तारांना जोडाव्यात. पेटी नसल्यास दोन बाह्य अभिचालित्रे वापरावीत व त्यांच्या वेटोळ्यांना समांतर एकेक द्विप्रस्थ (डायोड) उलट्या दिशेने लावावा. प्रवाह तुटताना वेटोळ्यात निर्माण होणारा उच्च दाब त्यामुळे शोषला जातो. दूरनियंत्रकाने लावलेली कुलुपे किल्लीने उघडली, तर पुष्कळ संचांत चोरसूचकाला ते कळत नाही व दार उघडताच भोंगा वाजतो. हा दोष नसून अपेक्षित कार्यच होय.

बसविताना येणाऱ्या अडचणी बहुतेक यांत्रिक असतात. प्रेरकाची पट्टी व कुलपाची दांडी एका रेषेत हव्यात, आणि खाली उतरणारी काच त्यांना लागता कामा नये. दार व खांब यांमधून जाणाऱ्या तारा रबरी नळीत न घातल्यास वारंवार वाकून तुटतात. दाराच्या पोकळीत पावसाचे पाणी येतेच, तेव्हा तारांचे सांधे उंच ठेवावेत आणि आतील प्लॅस्टिकचा पडदा फाडू नये.

सुरक्षितता : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. त्या पुरात मोटारगाड्यांत अडकून काही जण गुदमरून मरण पावले. पाण्याने विद्युत् मंडले बंद पडली की विजेवर चालणाऱ्या काचा उतरत नाहीत. बाहेरील पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. त्यात कुलूपही हाताने निघाले नाही, तर सुटका दुरापास्त होते. वाहन उद्योग मानक १४५ नुसार १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारगाड्यांत विजेवाचून हाताने कुलूप उघडण्याची सोय बंधनकारक झाली. नंतर बसविलेल्या संचाच्या बाबतीत मात्र ही काळजी कारागिरालाच घ्यावी लागते. साध्या संचात प्रवाह नसताना दंतचक्रे हाताने उलटी फिरतात, म्हणून आतील खुंटी किंवा खटका चालतो. चोराला आकडा अडकविता येऊ नये म्हणून काही जण ती खुंटी कापून टाकतात. हे सर्वथा गैर आहे. काम संपल्यावर सर्व दारे बंद करून घटमालेची तार सोडावी व आत बसून प्रत्येक दार हाताने उघडून पाहावे. या वेळी एक काच खाली ठेवावी.

अलीकडील अनेक गाड्यांत दारांचे आदेश संगणकीय जालातून सांकेतिक रूपाने जातात. तेथे तार कापून अभिचालित्र जोडण्याची वरील पद्धत लागू पडत नाही. त्या प्रतिमानासाठी बनविलेले जुळणी-एकक वापरावे लागते.