कुलाबा किल्ला गेला कुठं?

दोस्तांनो, थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहा. दाट धुकं पडलं असेल, तर समोरचा कुलाबा किल्ला गायब! गंमत बघा, धुकं म्हणजे नुसते पाण्याचे थेंब. पाणी तर पारदर्शक. मग पलीकडचं दिसत का नाही?

हे थेंब असतात साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि असतात अगणित! किल्ल्याकडून येणारा प्रकाशकिरण थेंबावर आदळला, की वाट सोडून भलतीकडेच वळतो. याला म्हणतात प्रकाशाचं विकिरण. त्यामुळे किल्ल्याकडचा फारच थोडा प्रकाश सरळ तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. उलट चहूकडून विखुरलेला उजेड मात्र डोळ्यांत शिरतो. तोच तो पांढरा पडदा!

जवळच्याच खांदेरी बेटावर १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. दाट धुक्यात त्याचा झोतही असाच विखुरतो. मग समोरून येणारी बोट कळायची कशी? कानांनी! धुक्यात यांत्रिक बोटीनं जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतरानं भोंगा वाजवावा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. थेंब प्रकाशाची वाट अडवतात, आवाजाची नाही. तेव्हा धुक्यात भोंगा ऐकलात, तर ओळखा: कुणीतरी सांगतंय, "सांभाळा, मी इथं आहे!"