आलमबागचे इंजिनघर

आलमबाग हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा सत्तावन्नच्या इतिहासातून. अवधचा अखेरचा नबाब वाजिद अली शाह याने आपल्या बेगमेसाठी लखनौच्या दक्षिणेस, कानपूरच्या वाटेवर, जी तटबंदीची बाग आणि तीत जी कोठी उभारली, ती सप्टेंबर १८५७मध्ये ब्रिटिश सेनापती हॅवलॉकच्या फौजेने काबीज केली. दोनच महिन्यांनी खुद्द हॅवलॉकचे दफन तेथे झाले, आणि दुसरा ब्रिटिश सेनापती औट्रम याने त्याच जागी ठाण मांडून मार्च १८५८पर्यंत मोर्चा धरून ठेवला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८६७मध्ये, कानपूर-लखनौ लोहमार्ग सुरू झाला आणि ह्या परिसराचे प्राक्तन पालटले. नबाबी गेली, लष्करी तळ उठला, आणि त्यांच्या जागी कारखान्यांच्या भिंती, रुळांची जाळी व रेल्वे कामगारांच्या वसाहती आल्या. आजचा लखनौकर आलमबाग म्हणतो तेव्हा त्याला बाजार, बसस्थानक आणि मेट्रो अभिप्रेत असते. इंजिनांशी ज्याचा संबंध आहे असा रेल्वेचा मनुष्य आलमबाग म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते ती तेथील डिझेल शेड.

उत्तर रेल्वेच्या ह्या शेडचा परिचय करून देण्याचे प्रयोजन असे, की टर्बोचार्जर बसवलेले आणि मूळच्या रचनेत फेरफार करून अधिक बलवान केलेले इंजिन वर्षानुवर्षे सुस्थितीत राखणे म्हणजे काय, ह्याचा असा वस्तुपाठ अन्यत्र क्वचितच मिळेल. हल्ली कित्येक हौशी तरुण आपली व्हॅन किंवा जीप घरच्या अंगणात उघडून बसतात, तिला टर्बो जोडतात, असलेल्या टर्बोचा दाब वाढवतात, आणि पहिल्याच चढावर गाडीने घेतलेल्या उसळीने हरखून जातात. ती उसळी पाचव्या वर्षीही तशीच राहावी म्हणून काय करावे लागते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि आलमबागच्या शेडचे सारे आयुष्य ह्याच एका प्रश्नाच्या उत्तरात खर्ची पडले आहे.

रेल्वेत प्रत्येक इंजिनाला एक घर नेमून दिलेले असते. ते देशात कोठेही हिंडो, त्याच्या अंगावर आपल्या शेडचे नाव रंगवलेले असते, आणि ठरावीक मुदत भरताच त्याला त्या शेडमध्ये रुजू व्हावेच लागते. पुण्याच्या घोरपडीस किंवा कल्याणला ज्यांनी डिझेल शेड पाहिली असेल त्यांना ही व्यवस्था ठाऊक असेल. आलमबागचे वैशिष्ट्य तिच्या शेजारात आहे. एका बाजूस मानकनगर, जेथे रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे सर्वतोमुखी झालेली ‘आरडीएसओ’, वसलेली आहे. १९३०चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२चे चाचणी व संशोधन केंद्र यांचे एकीकरण होऊन १९५७मध्ये ती अस्तित्वात आली. दुसऱ्या बाजूस चारबाग, जेथे अवध-रोहिलखंड रेल्वेच्या काळापासून चालत आलेला इंजिनांचा कारखाना आहे. वाफेच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती करणाऱ्या त्या कारखान्याने पुढे डिझेल इंजिनांची दुरुस्ती अंगावर घेतली. इंजिनात बदल काय करावा हे ठरवणारे, ते मुळापासून सोडवून पुन्हा जुळवणारे, आणि रोजच्या रोज त्याची निगा राखणारे, असे तिघेही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नांदतात, असा योग फार ठिकाणी जुळून आलेला नाही.

ज्या इंजिनाने ह्या शेडला आकार दिला ते मूळचे अमेरिकेतील. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, संक्षेपाने ‘आल्को’, हिच्याकडून १९६२मध्ये पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिने भारतात आली, आणि जानेवारी १९६४मध्ये वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यातून त्याच जातीचे पहिले इंजिन बाहेर पडले. पुढे ती आल्को कंपनी १९६९मध्ये आपल्या देशात बंद पडली, पण तिचे इंजिन येथे असे रुजले की कोकण रेल्वेच्या प्रवाशालाही गाडीच्या अग्रभागी बसलेल्या त्या बोजड, दणदणीत यंत्राचा आवाज वर्षानुवर्षे ओळखीचा होता. ‘व्ही’ आकारात मांडलेले सोळा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९ इंच आणि दट्ट्याची धाव साडेदहा इंच, म्हणजे एकेका सिलिंडरात जवळजवळ ११ लिटर जागा. आणि एवढ्या सगळ्यांतून मिनिटाला हजार फेऱ्यांवर मिळणारी शक्ती २६०० अश्वशक्ती. टर्बोचार्जर काढून घेतला तर ह्याच इंजिनाची ताकद निम्म्यावरही राहणार नाही.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. १९०५मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. सिलिंडरातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्ण वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते व ती धुराड्यातून फुकट जाते, हे जाणून त्याने त्या वायूंच्या मार्गात एक चक्र बसवले आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास हवा दाबणारे दुसरे चक्र जोडले. लोहाराचा भाता जसा निखाऱ्यात हवा लोटतो तसे हे दुसरे चक्र सिलिंडरात हवा लोटते. भेद इतकाच, की येथे भाता ओढणारा तो अग्नीच असतो. दाबलेली हवा तापते व तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती आधी पाण्याने थंड होणाऱ्या आफ्टरकूलरमधून जाते आणि मग सिलिंडरात शिरते. हवा अधिक, म्हणून डिझेल अधिक जाळता येते, आणि डिझेल अधिक म्हणून शक्ती अधिक. पूर्ण भारावर हा दांडा मिनिटाला पंधरा हजारांहून अधिक फेरे घेतो, आणि त्याच्या एका टोकाशी सुमारे पाचशे अंश सेल्सिअसचा वायू असताना दुसऱ्या टोकाशी बाहेरची साधी हवा असते. अशा दांड्याच्या बेअरिंगांना तेल क्षणभरही चुकले तर परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

हेच इंजिन आणखी बलवान करण्याची तजवीज मानकनगरात झाली. १९९०च्या दशकात २६०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे ३१०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-३ए जातीत रूपांतर झाले, आणि पुढे त्याच वंशातील डब्ल्यूडीएम-३डी ३३०० अश्वशक्तीपर्यंत पोचले. सिलिंडर तितकेच, त्यांचा आकारही तोच. बदल झाला तो अधिक कार्यक्षम टर्बोचार्जरचा. आणि तो एकटा आला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आफ्टरकूलर मोठा केला, इंधनपंपातील १५ मिलिमीटरच्या प्लंजरच्या जागी १७ मिलिमीटरचा घातला, दट्ट्याचा माथा पोलादी केला, आणि हवा आत घेणारी व वायू बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहून सिलिंडर स्वच्छ धुतला जावा म्हणून कॅमचा आकार बदलला. पाचशे अश्वशक्तींची ही भर एका अवयवाची नव्हती. ती हवा, इंधन, उष्णता आणि धातू ह्या चौघांच्या संमतीने पडलेली भर होती.

येथपर्यंत संशोधकाचे काम झाले. येथून पुढे शेडचे काम सुरू होते. पाक्षिक, मासिक, त्रैमासिक, वार्षिक अशा चढत्या श्रेणीच्या तपासण्या इंजिनाच्या वाट्यास येतात, आणि प्रत्येक तपासणीचा तपशील इंजिनाच्या नावाने ठेवलेल्या दप्तरात चढतो. त्या सर्वांत टर्बोची जी परीक्षा घेतात ती फार साधी आणि म्हणूनच फार बोलकी आहे. इंजिन बंद केले की टर्बोचा दांडा लगेच थांबत नाही. स्वतःच्या वेगाने तो फिरत राहतो. फिटर टर्बोच्या कवचाशी कान देतो, हातातील घड्याळ सुरू करतो, आणि आतली बारीक शीळ क्षीण होत होत थांबेपर्यंतचा काळ मोजतो. जुन्या आल्को टर्बोसाठी हा काळ दीड ते तीन मिनिटांच्या दरम्यान असावा असा दंडक आहे. त्याआधीच दांडा थांबला तर बेअरिंग जड झाले, चक्र कोठे घासते आहे किंवा काजळीने जखडले आहे, असे समजावे आणि टर्बो उतरवावा. थांबताना खरखर किंवा ठणका ऐकू आला तरी निर्णय तोच. लक्षावधी रुपयांच्या यंत्राबद्दलचा पहिला निवाडा घड्याळ आणि कान ह्या दोन साधनांवर होतो, ह्यात शेडच्या विद्येचे मर्म आहे.

दुसरी परीक्षा धुराची. चालकाने नॉच, म्हणजे शक्तीच्या कळीची पायरी, वाढवला की इंधन तत्काळ वाढते, पण टर्बोचा दांडा वेग घेण्यास काही क्षण लावतो. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडते आणि धुराड्यातून तो काळा लोट उसळतो, जो आल्को इंजिनाची जणू सहीच आहे. तो क्षणात ओसरला तर चिंतेचे कारण नाही. तो रेंगाळला तर मात्र शोध सुरू होतो: हवेची जाळी धुळीने कोंदली आहे काय, आफ्टरकूलर मळला आहे काय, वायूंच्या नळीला तडा जाऊन टर्बोच्या वाटचा वायू मध्येच निसटतो आहे काय, की इंजेक्टरच थेंब गाळतो आहे? इंजेक्टर काढून हातपंपावर लावतात, दर चौरस इंचास सुमारे ४००० पौंड दाबावर तो उघडतो की नाही ते बघतात, आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून निघणारा फवारा धुक्यासारखा बारीक आहे की धारेसारखा जाड, हे डोळ्यांनी पारखतात. धूर निळसर असेल तर वंगण जळते आहे. धुराड्याच्या काठावर तेलाचे ओघळ दिसले तर टर्बो तेल फेकतो आहे. पांढरा असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. लखनौचा उन्हाळा, त्यातली लू आणि मैदानी धूळ ह्यांमुळे हवेच्या जाळीकडे येथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

तिसरी परीक्षा शेडच्या प्रयोगशाळेत होते, आणि ती मोठी मार्मिक असते. इंजिनातील वंगणाचा नमुना घेऊन त्यात कोणकोणत्या धातूंचे कण किती प्रमाणात आहेत हे वर्णपटाच्या साहाय्याने मोजतात. तांबे व शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. लोखंड व क्रोमियम वाढले तर सिलिंडर आणि दट्ट्याची कडी. सिलिकॉन वाढले तर धूळ आत शिरते आहे. सोडियम वाढले तर इंजिन थंड ठेवणारे, रसायन घातलेले पाणी तेलात मिसळते आहे. मात्र एका नमुन्यावरून कोणी हुकूम सोडीत नाही. मागच्या नमुन्यात काय होते आणि त्याच्या मागच्या नमुन्यात काय होते, हे नोंदवहीत पाहिल्यावरच आजच्या आकड्याला अर्थ येतो.

सरतेशेवटी येते भाराची चाचणी. इंजिन रुळावर जागीच उभे करून त्याच्या जनित्राची वीज मोठ्या रोधपेटीत जाळतात, एकेक नॉच चढवीत आठव्यापर्यंत जातात, आणि व्होल्ट व अँपिअर यांच्या गुणाकारातून शक्ती काढून ती टर्बोच्या दाबाशी, इंधनाच्या मापाशी व धुराच्या रंगाशी ताडून पाहतात. दाब पुरेसा असून शक्ती कमी पडली तर दोष इंधनाच्या बाजूस. शक्ती भरते पण दाब उणा असेल तर इंजिन हवेच्या उपासावर राबते आहे, आणि ते फार दिवस राबणार नाही. जुळवणी ती हीच: एक कळ फिरवून अधिक ओढ काढणे नव्हे, तर चारही मापे एकाच वेळी आपापल्या जागी आणणे.

आता ह्या विद्येचा काळ उताराला लागला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. विद्युतीकरण देशभर पसरले, कोकण रेल्वेचेही २०२२मध्ये पुरे झाले. वाराणसीच्या कारखान्याने जुनी आल्को इंजिने विजेवर चालवण्याचा प्रयोग करून २०१९मध्ये तसे जोड-इंजिन रुळावर आणले, आणि पुढच्याच वर्षी त्या कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्दही गळला. पण टर्बो काही नाहीसा झालेला नाही. आल्कोच्या रुबाबापुढे क्षुद्र वाटणाऱ्या, पण तत्त्वाने तंतोतंत तशाच, लहान आवृत्तीत तो आज दारोदारच्या डिझेल गाड्यांत बसला आहे. आणि त्याच्याशी घरी खटपट करणारा गृहस्थ आलमबागकडून जे घेऊ शकतो ते पैशाने महाग नाही. दाब वाढवण्यापूर्वी हवेची जाळी आणि कूलर नव्या भाराला पुरतील असे करावेत. तेलाची मुदत कारखान्याने सांगितली असेल त्याहून आखूड धरावी. लांबच्या, दमवणाऱ्या प्रवासानंतर चावी लगेच न फिरवता इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवून टर्बोला निवू द्यावे. धुराचा रंग, दाब, तेलाची भर आणि इंधनाचा खप ह्यांची नोंद बदल करण्याच्या आधीपासून ठेवावी, म्हणजे बदलाने काय साधले आणि काय बिघडले ह्याचा पुरावा हाती राहील. एवढे करून मग दाब वाढवावा, तोही थोडाथोडा. आणि नोंदवहीतील आकडे साथ देईनासे झाले की, हौसेला मुरड घालून, तो पुन्हा उतरवावा.