पेयजलाची जंतुपरीक्षा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड जिल्ह्यात पाण्याचा विचार प्रायः परिमाणाच्या अंगाने केला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. बालाघाटाच्या रांगांनी व्यापलेला हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. पुढे २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांतही येथील अनेक गावांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. अशा प्रदेशात मिळालेले पाणी पिण्याजोगे आहे असे मन सहज मानू लागते. तथापि पटकी, विषमज्वर, आमांश व काही प्रकारची कावीळ यांचे रोगकारक जीव नितळ आणि गोड पाण्यातही असू शकतात. म्हणून पाण्याची निर्दोषता पारखावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्याच्या एका तलावातील पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. १८९२ मध्ये एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हँबुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून घेत असे. ते बहुतांशी बचावले. रोग पाण्यातून पसरतो, याविषयी मग फारशी शंका उरली नाही.

मात्र प्रत्येक रोगाचे जंतू पाण्यात शोधणे व्यवहार्य नसते. ते संख्येने थोडे असतात, कधी असतात, कधी नसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग स्वीकारला. मनुष्याच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत ई. कोलाय हा जंतू विपुल प्रमाणात असतो. तो पाण्यात आढळला, तर विष्ठेचा अंश तेथे पोहोचला आहे असे समजावे. आणि जेथे विष्ठा पोहोचली तेथे रोगही पोहोचू शकतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पेयजलात हा जंतू मुळीच आढळता कामा नये.

प्रयोगशाळेत पाण्याचे ठराविक भाग दुग्धशर्करायुक्त द्रवाच्या परीक्षानलिकांत मिसळून ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत २४ ते ४८ तास ठेवतात. आम्ल व वायू निर्माण झाल्यास कोलिफॉर्म जंतूंची शंका घेतात आणि ४४ अंशांवर पुढील परीक्षा करून ई. कोलायची खात्री करतात. किती नलिकांत बदल झाला, त्यावरून जंतूंची संभाव्य संख्या काढली जाते. नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. पाण्यात क्लोरीन असल्यास ते निष्प्रभ करण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालतात. अन्यथा वाटेतच जंतू मरून अहवाल चुकतो. नमुना थंड ठेवून त्वरित पोहोचविणे आवश्यक असते.

खेड्यासाठी सोपी परीक्षाही उपलब्ध आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली कागदी पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. बाटलीतील पाणी एकदोन दिवसांत काळे पडले, तर ते संशयास्पद मानावे. ही परीक्षा प्राथमिक होय, अंतिम नव्हे.

आता जिल्ह्याच्या परिस्थितीकडे वळू. येथील भूस्तर बेसॉल्ट खडकाचा आहे. वाळूच्या थरातून झिरपणारे पाणी काही अंशी गाळले जाते. खडकाच्या भेगांतून वाहणारे तसे गाळले जाईलच, असे नाही. म्हणून विहिरीजवळचा शोषखड्डा किंवा उकिरडा धोक्याचा ठरतो. उन्हाळ्यात एकाच विहिरीवर सारा भार पडतो आणि पहिल्या पावसाचे पाणी गावातील घाण वाहून आणते. जेथे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे रिकाम्या नळात फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी ओढले जाते. टँकर तर भरणे, वाहणे, हौदात ओतणे व घरी साठविणे अशा चार टप्प्यांतून जातो. उगमाशी शुद्ध असलेले पाणी यांपैकी कोठेही दूषित होऊ शकते. यास्तव केवळ उगमाचा नमुना पुरेसा नाही. नळाच्या शेवटच्या टोकाचा व घरातील रांजणाचाही घ्यावयास हवा.

निर्जंतुकीकरणासाठी साधारणतः १,००० लिटर पाण्यास अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पुरते. गढूळ पाण्यास अधिक लागते. ती दमट जागी ठेवल्यास तिची शक्ती नष्ट होते. पावडर मिसळल्यावर किमान अर्धा तास पाणी तसेच ठेवावे आणि मग ओ. टी. चाचणीने उर्वरित क्लोरीन पाहावे. शेवटच्या नळाशी ते लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावे.

शेवटी परीक्षेची मर्यादा ध्यानी घ्यावी. ई. कोलाय न आढळणे म्हणजे सर्वस्वी निर्भयता नव्हे. आमांशाच्या अमीबाची कोष्ठे क्लोरीनलाही बरीच दाद देत नाहीत. शिवाय अहवाल त्या नमुन्याच्या क्षणाचा असतो. काल निर्दोष ठरलेली विहीर आजच्या पावसाने दूषित होऊ शकते. म्हणून नियमित परीक्षा आणि उगमाच्या परिसराची प्रत्यक्ष पाहणी ही दोन्ही एकत्र चालली पाहिजेत. परिसर स्वच्छ दिसतो म्हणून परीक्षा टाळू नये, आणि अहवाल चांगला आला म्हणून उकिरडा विहिरीशेजारी राहू देऊ नये. जेथे प्रत्येक घागर कष्टाने मिळते, तेथे तिच्यातील पाणी रोगाचे कारण होऊ न देणे हेच जलनियोजनाचे अर्धे कार्य होय.