घोडा मायदेशी, शिंगरू परदेशी

निर्यात म्हटली की आंब्याच्या पेट्या, कापसाच्या गाठी, बासमतीची पोती आपल्या डोळ्यांसमोर येतात. घोड्यांच्या पैदाशीच्या जगात मात्र असा एक माल देशोदेशी जातो, की जो अर्ध्या मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या कांड्यांत मोजावा लागतो. गोठवलेले वीर्य हा तो माल. जर्मनीतील किंवा हॉलंडमधील नामवंत घोडा आपला तबेला सोडत नाही आणि त्याचे शिंगरू ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत जन्माला येते, ही गोष्ट आता नित्याची झाली आहे.

दुग्धव्यवसायाशी संबंध असलेल्या आपल्या ग्राहकांना या तंत्राचे नवल वाटणार नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने अशाच कांड्या शेतकऱ्यांच्या गोठ्यापर्यंत पोहोचवल्या. ग्लिसरीनच्या साहाय्याने शुक्रजंतू गोठवूनही जिवंत ठेवता येतात, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवून दिले आणि १९५७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी गोठवलेल्या शुक्रजंतूंपासून घोडीला गर्भधारणा झाल्याची नोंद केली. तरीही गायीच्या बाबतीत जे रुळले, ते घोड्याच्या बाबतीत आजही नाजूकच आहे. कित्येक विजेत्या घोड्यांचे वीर्य गोठणक्रियेत टिकतच नाही. वितळवल्यानंतर तीस-पस्तीस टक्के शुक्रजंतू पुढे सरकत असतील, तर ती मात्रा चांगली समजली जाते आणि एका मात्रेत असे सुमारे २५ कोटी शुक्रजंतू असावेत, अशी अपेक्षा असते. त्यासाठी बहुधा अनेक कांड्या लागतात. शिवाय घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि वितळलेले शुक्रजंतू फार काळ तग धरत नाहीत. म्हणून पशुवैद्यकाला सोनोग्राफीचे यंत्र घेऊन दर काही तासांनी, अगदी मध्यरात्रीही, घोडीपाशी जावे लागते. अंडमोचनानंतर साधारण सहा तासांच्या आत रेतन झाले, तर आशा असते. त्यानंतर अकरा महिने वाट पाहायची.

इतका खटाटोप कशासाठी? एक कारण ऋतूचे आहे. युरोपातील पैदाशीचा हंगाम वसंतात असतो, तर ऑस्ट्रेलियातील सप्टेंबरनंतर सुरू होतो. कांडीला ऋतू नसतो. दुसरे कारण असे, की घोडा स्पर्धेत उतरलेला असतानाही त्याची पैदास चालू राहू शकते. तिसरे कारण सर्वांत विलक्षण. ‘टोटिलास’ या डच घोड्याने २०१० मध्ये केंटकी येथील जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळवली. २०२० मध्ये तो मरण पावला. पण साठवलेल्या कांड्या त्याच्याबरोबर संपल्या नाहीत.

आता मालाच्या प्रवासाकडे वळू. कांड्या उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात. विमानाने पाठवताना ‘ड्राय शिपर’ नावाचे पात्र वापरतात. त्याच्या आतील थरात नायट्रोजन शोषलेला असल्याने पात्र कलंडले तरी काही सांडत नाही आणि थंडावा आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. कस्टममध्ये एखादा कागद अडला आणि ही मुदत उलटली, तर सारे वाया जाते. पंचाईत अशी, की वितळून पुन्हा गोठलेली कांडी वरून पूर्वीसारखीच दिसते. ती चांगली आहे का, हे पाहण्यासाठी वितळवावी लागते आणि वितळवली की ती संपली. म्हणजे खरेदीदाराला सगळा माल तपासून घेण्याची सोयच नाही! मग विश्वास कशावर ठेवायचा? कागदावर.

हे वाक्य आपल्या परकीय चलन विभागातील सहकाऱ्यांना ओळखीचे वाटेल. पतपत्राच्या व्यवहारात बँका कागदपत्रांचा विचार करतात, मालाचा नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ नियमावलीतही हेच तत्त्व आहे. वीर्याचे बहुतेक सौदे पतपत्राच्या वाटेला न जाता आगाऊ रकमेवर होतात, हे खरे. पण तत्त्व तेच. कांडीवरील घोड्याचे नाव आणि तारीख, केंद्राची मान्यता, सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र या कागदांनीच कांडीला किंमत येते. घोडी गाभण राहील, असे मात्र कोणताही कागद सांगत नाही. ती जोखीम विक्रेत्याची की खरेदीदाराची, हे करारातच स्पष्ट करून घ्यावे लागते.

असे कागद म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे, याचा प्रत्यय डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत आला. केंटकीतील एका क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्याचे वीर्य युरोपात पाठवायचे होते, म्हणून त्याच्या नियमानुसार चाचण्या झाल्या. घोडा दिसायला ठणठणीत होता. चाचणीत मात्र घोड्यांच्या संसर्गजन्य गर्भाशयदाहाचे जंतू आढळले. १९७७ मध्ये इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे प्रथम ओळखला गेलेला हा रोग घोडीला वंध्य करू शकतो. नरामध्ये मात्र लक्षण दिसत नाही. मग माग काढणे सुरू झाले. ४८ राज्यांतील सुमारे एक हजार घोड्यांपर्यंत हा माग पोहोचला आणि वीसहून अधिक नर बाधित निघाले. वीर्यसंकलन केंद्रांतील सामायिक साधनांतून संसर्ग पसरला असावा, असा निष्कर्ष निघाला. निर्यातीसाठी एका कागदाची गरज पडली नसती, तर हे आणखी किती काळ दडून राहिले असते, कोण जाणे.

आपल्याकडे महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांना हा व्यवहार लागू नाही. जगभरातील थरोब्रेडच्या वंशनोंदवह्या कृत्रिम रेतनातून जन्मलेले शिंगरू स्वीकारत नाहीत. त्यामुळे तिथे खुद्द घोडेच विमानाने एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात जातात.

मारवाडी घोड्याची गोष्ट वेगळी. आत वळलेल्या कानांच्या या देखण्या घोड्याचे चाहते परदेशातही आहेत; पण मारवाडी, काठियावाडी आणि मणिपुरी जातींच्या जिवंत घोड्यांच्या निर्यातीवर भारताने निर्बंध ठेवले आहेत. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील शास्त्रज्ञांनी तंत्रज्ञानाची वाट मात्र धरली आहे. १९ मे २०२३ रोजी तेथे भ्रूण प्रत्यारोपणातून एक मारवाडी शिंगरू जन्मले. वजन २३ किलो. त्या मादी शिंगराचे नाव ‘राज-प्रथमा’ ठेवण्यात आले.