शपथ मोडल्यानंतर

भाईंदरच्या लोकलच्या डब्यात दारू सोडवून देण्याच्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात. बहुतेक घरांत त्या वाचण्याआधीच पुष्कळ काही करून झालेलं असतं. देवीला नवस, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, गळ्यात तुळशीची माळ. शपथ काही दिवस टिकते, मग मोडते. आता शरम दुहेरी होते, माणसांसमोरची आणि देवासमोरची. ती विसरायला पिणारा पुन्हा गुत्त्याकडे वळतो.

मग श्रद्धेचा उपयोग काय? माझ्या मते खूप आहे, पण तो शपथेच्या क्षणात नसतो. तो शपथेनंतरच्या आठवड्यांत असतो.

मीरा-भाईंदरच्या दोन्ही बाजूंना याचे दाखले आहेत. दक्षिणेला गोरेगावात 1943 साली नानासाहेब धर्माधिकारी यांनी दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. पुढे ती ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत पोचली आणि दारू सुटलेली अनेक घरं तिचं नाव घेतात. बैठकीला दर आठवड्याला ठरल्या वेळी जायचं असतं आणि न गेल्यास विचारणारं कुणीतरी असतं. व्यसनी माणसाचे जुने सोबती सगळे पिणारे असतात. त्यांच्या जागी नवे सोबती मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

उत्तरेला खाडीपलीकडे वसईत कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. फादर जो परेरा यांनी ही संस्था 1981 मध्ये वांद्र्यात सुरू केली. ते स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर आलेले आणि योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे प्रार्थना, योगासनं आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्या इथे एकत्र आल्या.

ही ‘एए’, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांची चळवळ, 1935 मध्ये अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी सुरू केली. पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करणं. त्यानंतर स्वतःहून मोठ्या शक्तीवर भार टाकायचा. ती शक्ती विठ्ठल असेल, येशू असेल, अल्ला असेल, नाहीतर समोर बसलेला गटच. पुढच्या पायऱ्या जास्त कठीण आहेत : आपल्या चुकांचा हिशेब मांडणं, तो दुसऱ्याला सांगणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं. ‘मी सोडणारच’ म्हणून शंभरदा हरलेल्या माणसाला इथे एकट्याच्या जिद्दीवर विसंबावं लागत नाही. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ‘एए’कडे वळवणारे सुसूत्र कार्यक्रम इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे शपथ घेऊन एका झटक्यात बाटली फेकणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, थरकाप, ताप. यात जीवही जातो. तेव्हा आधी डॉक्टर, मग देऊळ किंवा चर्च. न सांगता जेवणात औषध मिसळणं तर मुळीच नको. काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. शिवाय फसवून सोडवलेल्या दारूत त्या माणसाचा स्वतःचा निश्चय कुठेच नसतो.

आणि त्याची बायको? नवस तिने केला, उपास तिने धरले, आणि तो पुन्हा प्यायला की आपलीच भक्ती कमी पडली असं तिला वाटतं. हे मला सगळ्यात क्रूर वाटतं. पुण्याच्या मुक्तांगणने, 1986 मध्ये डॉ. अनिता अवचटांनी उभ्या केलेल्या केंद्राने, बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालवला, तो यासाठीच. ‘एए’च्या जोडीला ‘अल-अनॉन’ही कुटुंबीयांसाठी असतं. नवरा यायला तयार नसला तरी बायकोला तिथे एकटीने जाता येतं. केंद्र सरकारच्या 14446 या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर घरच्यांनीही फोन करावा.