पद्मिनीचा पेट्रोल-पंप कोठें मिळेल ?

वडिलार्जित भांडें किंवा पोथी नुसती जपून ठेविली तरी टिकते. मोटारीचें तसें नाहीं. महिनोन्महिने उभी राहिलेली मोटार पुष्कळदां चालत्या मोटारीहून लवकर बिघडते. ज्यांच्या अंगणांत वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून उभी आहे, त्यांस हें सांगावयास नको. गाडी पुन्हां रस्त्यावर आणण्याचें मनांत आलें कीं बहुधा पहिली अडचण येते ती पेट्रोल वाहून नेणाऱ्या भागांची. ते भाग मिळवावे कोठें आणि घेतांना पारखावे कसे, हा या लेखाचा विषय आहे.

पद्मिनी ही मूळची इटलींतील फियाट ११००. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार होत असे. विसावें शतक संपतां संपतां तिची निर्मिति थांबली. पुढेंही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळें तिच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक होतें. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यांपैकीं अखेरच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि तोही आधार सुटला. आतां शोध घ्यावयाचा तो पुण्यास नाना पेठेंत किंवा रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारांत, मुंबईस ऑपेरा हाउसच्या आसपास व कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, दिल्लीस काश्मिरी गेटला, अगर चेन्नईस पुदुपेटेंत.

शोधास निघण्यापूर्वीं या यंत्रणेची रचना थोडी समजून घ्यावी. टाकींतील पेट्रोल नळीनें पंपाकडे येतें. हा पंप इंजिनाच्या कुशीस बसविलेला असतो. इंजिनांतील कॅमशाफ्टमुळें पंपाचा दांडा हालतो. दांडा डायफ्राम नांवाचा लवचिक पडदा ओढतो, स्प्रिंग त्यास परत लोटते, आणि दोन चिमुकल्या व्हॉल्व्हांच्या योगानें पेट्रोल एकाच दिशेनें पुढें सरकतें. तेथून तें कार्ब्युरेटरच्या वाटींत पडतें. वाटींतील फ्लोट वर आला कीं नीडल व्हॉल्व्ह मिटतो, खालीं गेला कीं उघडतो. आणि जेटच्या सूक्ष्म छिद्रांतून मोजकें पेट्रोल हवेंत मिसळून इंजिनांत जातें.

या सर्वांत दोन प्रकारचे भाग आहेत. पंपाचें व कार्ब्युरेटरचें ओतीव अंग, दांडा, पितळी जेट हे धातूचे. डायफ्राम, गॅस्केट, नळ्या, व्हॉल्व्हाचें रबरी टोक हे मऊ. धातूचे भाग नीट ठेविले तर दीर्घकाळ टिकतात. मऊ भाग मात्र न वापरतांही निकामी होतात. सगळ्या शोधाचें सूत्र यांतच आहे : धातु जुना चालेल, रबर नवेंच हवें.

दुकानदार फळीवरून धुळीनें माखलेला खोका काढतो आणि म्हणतो, "साहेब, ओरिजिनल माल आहे, सीलसुद्धां फोडलेलें नाहीं." अशा वेळीं मोह पडणें साहजिक आहे. परंतु त्या खोक्यांतील डायफ्रामही पंचवीस-तीस वर्षें वाळत पडलेला असतो. हलकेच वाकवून पाहिला तर त्यावर केसासारख्या भेगा दिसण्याचा संभव फार. असा पंप घेऊं नये असें नाहीं. घ्यावा, पण त्याच्या धातूकरितां. पडदा आणि गॅस्केटें नवीं बसवावीं. याच न्यायानें घरचा गळका पंपही भंगारांत देऊं नये. त्याचें अंग शाबूत असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून तो नव्यासारखा होतो.

या नियमास अलीकडे आणखी एक कारण मिळालें आहे. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. जुन्या काळचें रबर व बूच यांस इथेनॉल सोसत नाहीं. तीं फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतें, त्यामुळें उभ्या गाडीची टाकी गंजते. आणि जुना सांचलेला गाळ सुटून जेटांत अडकतो. म्हणून आधीं टाकी धुवावी, नवा फिल्टर लावावा, आणि मगच इतर भागांस हात घालावा. रबरी भाग घेतांना व्हायटन जातीच्या रबराचे मागावे. नळीवर 'एसएई जे३० आर९' अशीं अक्षरें छापलेलीं असल्यास उत्तम.

खरेदीच्या वेळीं नांवाहून मापावर अधिक विश्वास ठेवावा. जुना भाग बरोबर न्यावा. पंपाच्या दोन भोकांमधील अंतर, दांड्याची लांबी व बांक, नळीच्या तोंडाचा व्यास हीं व्हर्निअरनें ताडून पहावीं. जेटच्या माथ्यावरील आंकडा लिहून ठेवावा. पंप व इंजिन यांमधील जाड चकती हरवूं देऊं नये. तिची जाडी बदलली तर दांड्याची चाल बदलते आणि नवा पडदाही लवकर फाटतो.

कित्येक मिस्त्री नव्या गाडीचा विजेचा पंप बसवून देण्यास तयार असतात. येथें सावध रहावें. जुन्या पंपाचा दाब दर चौरस इंचास सामान्यतः दोन ते चार पौंड. इंजेक्शनच्या गाड्यांचा चाळीस पौंड किंवा त्याहूनही अधिक. तो दाब नीडल व्हॉल्व्हास आवरत नाहीं, आणि पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडतें.

खरा प्रश्न येथें आहे. रेडिओ बंद पडला तर करमणूक जाते; पेट्रोलची नळी तडकली तर आगीशीं गांठ पडते. पडदा आंतून फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेलाच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली अगर तिला पेट्रोलचा वास आला, तर गाडी त्याच क्षणीं थांबवावी. मागें बसलेल्या आईनें किंवा मुलांनीं "वास येतो आहे" असें म्हटलें, तर "जुनी गाडी आहे, वास यायचाच" असें उत्तर देऊन त्यांस गप्प बसवूं नये. इंजिन बंद करून सर्वांस खालीं उतरवावें, मगच पाहणी करावी. आणि गाडींत लहानसें अग्निशामक नळकांडें नेहमीं असावें.

वडिलांची गाडी त्यांच्या वेळीं होती तशीच ठेवावी, ही भावना योग्यच आहे. परंतु हा आग्रह रंग, घाट आणि धातु यांपुरता असावा. ज्या नळींतून पेट्रोल वाहतें, ती दर कांहीं वर्षांनीं नवी झालीच पाहिजे. कारण त्या गाडींत आपलीं माणसें बसणार आहेत.