शोधनिबंध यंत्र शोधेल, पारख आपलीच!

पंचवटी : म्हसरूळ येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी अनेक शोधनिबंध चाळावे लागतात. ‘एलिसिट’, ‘सिमँटिक स्कॉलर’ यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विषय देताच निबंध व त्यांचा सारांश पुढे ठेवतात. मात्र, वारंवार उल्लेखला जाणारा निबंध विश्वासार्ह असतोच असे नाही. ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेला, एमएमआर लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा निबंध अवघ्या १२ मुलांवर आधारित होता. तो २०१० साली मागे घेण्यात आला. तोवर ब्रिटनमध्ये असंख्य पालकांनी ही लस टाळली होती. चॅटबॉट तर काही वेळा अस्तित्वात नसलेले निबंधही सुचवितात. म्हणून डीओआय क्रमांकावरून मूळ निबंध उघडावा. तो मागे घेतलेला नाही ना, किती रुग्णांवर व कोणत्या पद्धतीने अभ्यास झाला, हे स्वतः तपासावे. अखेर त्यावरच रुग्णाचे उपचार ठरतात.